बातमीमागचा पैसा, फोनमधली गळती: कोकणातल्या घरासाठी कामाचं मार्गदर्शन

कोकणात प्रकल्पाच्या आधी त्याची जाहिरात येते आणि जाहिरातीच्या आधी जमिनीचे एजंट येतात. गावात कुणाला काही ठाऊक नसतं, पण विरारला राहणाऱ्या चुलतभावाचा फोन वाजतो: तुमचा सर्व्हे नंबर अमुक, तुमचा हिस्सा एवढा, काढणार का? मग पेपरात चार पानी पुरवणी पडते. त्यानंतर फेसबुकवर ‘कोकण’ नावाचं कुठलं तरी पान अचानक त्याच प्रकल्पाचं गुणगान गायला लागतं.

या तिन्ही गोष्टींत एक धागा आहे. पेपर, वाहिनी आणि फोनमधली फुकट अ‍ॅप या सगळ्यांचं पोट जाहिरातदार भरतो. तो पेपरवाल्याकडून जागा विकत घेतो आणि अ‍ॅपवाल्याकडून तुमची माहिती. म्हणून पेपर कसा तपासायचा आणि फोन कसा बंदोबस्तात ठेवायचा, ही दोन्ही कामं इथे एकत्र सांगतो. एका रविवारच्या सकाळी सगळं उरकतं.

आधी मालक शोधा

पेपर हातात घेतलात की शेवटच्या पानाच्या तळाशी बघा. तिथे बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईचं ठिकाण दिलेलं असतं. १८६७ च्या कायद्यापासून ही ओळ बंधनकारक होती. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायद्याने घेतली आहे आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. तळाची ही ओळ वाचणारा माणूस मी क्वचितच पाहिलाय.

त्याहून कामाचं असतं ते ‘फॉर्म चार’चं निवेदन. वर्षानुवर्षं पेपर ते मार्चच्या सुरुवातीला, कुठल्यातरी आतल्या पानावर छापत आले आहेत. भांडवलात एक टक्क्यापेक्षा जास्त वाटा असलेल्यांची नावं त्यात द्यावी लागत. तुमच्या घरी येणाऱ्या पेपरचं असं निवेदन सापडलं तर फोटो काढून ठेवा. नावाच्या जागी एखादी कंपनी दिसली, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिचं नाव टाकून संचालक कोण ते बघता येतं. तेच संचालक आणखी कुठल्या कंपन्यांत आहेत, हेही तिथून कळतं. बांधकाम, साखर, शिक्षणसंस्था, खाण, यांपैकी काही ना काही बहुधा निघतंच.

वाहिन्यांची मालकी तर जाहीरच आहे, फक्त ती डोक्यात ठेवावी लागते. नेटवर्क१८ समूह २०१४ मध्ये रिलायन्सच्या ताब्यात गेला. न्यूज१८ लोकमत ही त्या समूहाची आणि लोकमतची भागीदारी. रायगड जिल्ह्यात नागोठण्याला रिलायन्सचा मोठा कारखाना आहे. अदानी समूहाने दिघी बंदर २०२१ मध्ये ७०५ कोटींना घेतलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्हीचा ताबा घेतला. एनडीटीव्ही मराठी १ मे २०२४ ला सुरू झाली. याचा अर्थ त्या वाहिन्यांवरची दिघीची किंवा नागोठण्याची बातमी खोटी असते असा नाही. पण त्या विषयावर दुसऱ्या मालकाच्या निदान एका ठिकाणची बातमी वाचल्याशिवाय मत बनवायचं नाही, एवढा नियम घरात ठेवावा. एकाच उद्योगाकडे किती माध्यमं असावीत, यावर दूरसंचार आणि प्रसारणाची नियामक संस्था ट्रायने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये शिफारशी केल्या होत्या. त्यांवर पुढे काहीही ठोस झालं नाही.

मालकीचा आणखी एक आडमार्ग आहे. काही माध्यमसमूह जाहिरातीचे पैसे रोख घेण्याऐवजी जाहिरातदार कंपनीचे शेअर घेत. म्हणजे ज्या कंपनीची बातमी द्यायची, तिच्यात पेपरचाच वाटा. २०१० मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने असा वाटा बातमीसोबत उघड करायला सांगितलं. शेअर बाजाराच्या पानावर तळाला तशी टीप दिसते का, हे गुंतवणूक करणाऱ्यांनी बघावं.

पुरवणी उघडा आणि पेन घ्या

आता खरं काम. ज्या प्रकल्पाबद्दल शंका आहे त्यावरचं पान समोर ठेवा आणि हातात पेन घ्या.

पहिल्यांदा चारही कोपरे तपासा. ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘इम्पॅक्ट फीचर’, ‘मीडिया इनिशिएटिव्ह’ असलं काहीतरी करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं. ते दिसलं की पानावर फुली मारा. ती बातमी नव्हे, मग मांडणी कितीही बातमीसारखी असो.

असं काही दिसलं नाही तर बातमीखाली वार्ताहराचं नाव आहे का ते बघा. ‘वाणिज्य प्रतिनिधी’ किंवा नुसतं ‘प्रतिनिधी’ असेल तर सावध व्हा. मग बातमीतल्या माणसांची नावं अधोरेखित करा: कंपनीचे किती, सरकारी अधिकारी किती, पुढारी किती आणि गावातले किती. गावातला एकही माणूस नावानिशी बोललेला नसेल, बागायतदार नाही, मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष नाही, सरपंच नाही, तर ती बातमी गावात न जाता लिहिलेली आहे. त्यानंतर आकडे बघा. ‘हजारो रोजगार’ लिहिलंय, पण कायम किती, कंत्राटी किती, स्थानिकांना किती, यातलं काही नाही? समासात प्रश्नचिन्ह. शेवटी तोच मजकूर दुसऱ्या पेपरात शोधा. दोन पेपरांत वाक्य न् वाक्य जुळलं, तर ते बहुधा कंपनीच्या जनसंपर्क खात्याने पाठवलेलं पत्रक जसंच्या तसं लावलेलं असतं. गुगलवर त्यातलं एखादं लांब वाक्य अवतरणचिन्हांत टाकलंत की लगेच कळतं.

तालुक्याच्या वार्ताहरावर मात्र राग काढू नका. त्याला मिळणारं मानधन ऐकलंत तर तुम्हीच चहा पाजाल. बऱ्याच ठिकाणी त्यालाच जाहिराती गोळा कराव्या लागतात आणि घर त्याच्या कमिशनवर चालतं. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं, म्हणून त्या दिवशी आपण पत्रकार दिन करतो. त्या दिवसाच्या पुरवण्या एकदा चाळा: पुढाऱ्यांच्या आणि ठेकेदारांच्या शुभेच्छांमध्ये बातमीला जागा उरत नाही. ज्या ठेकेदाराकडून सकाळी शुभेच्छा-जाहिरात आणली, त्याच्या रस्त्याला पडलेल्या खड्ड्यांवर संध्याकाळी लिहायचं कसं?

मोठ्या पातळीवर हेच घडलं की त्याला पेड न्यूज म्हणतात. २००९ च्या निवडणुकांत, महाराष्ट्रातल्या विधानसभा निवडणुकीसकट, पैसे घेऊन छापलेल्या ‘बातम्यां’चा प्रश्न एवढा गाजला की वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल कौन्सिलने आधी पूर्ण प्रसिद्ध केलाच नाही. पुढे माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो लोकांसमोर आला. निवडणुकीच्या काळात आता जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणीकरण आणि संनियंत्रण समिती असते. संशयास्पद बातमीचं कात्रण तिच्याकडे देता येतं.

आणि सगळेच विकले जातात असं म्हणणाऱ्यांना राजापूरची आठवण द्यावी. पत्रकार शशिकांत वारिशे यांची रिफायनरीच्या संदर्भातली एका व्यक्तीविषयीची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ ला छापून आली. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने चिरडलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयी बातमी होती, त्यालाच पोलिसांनी अटक केली. ‘पेपरात इला म्हणजे खराच आसतला’ असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात. ते खरं ठरावं म्हणून कुणीतरी अशी किंमत मोजलेली असते.

फेसबुकवरचं ‘गावचं’ पान

पेपरला निदान तळाची ओळ असते. फेसबुकच्या पानाला ती नसते, पण शोधायची सोय असते. पानावर जाऊन ‘माहिती’ आणि त्यात ‘पान पारदर्शकता’ उघडा. पान कधी काढलं, आधी त्याचं नाव काय होतं, चालवणारे कुठल्या देशात आहेत, हे तिथे दिसतं. पूर्वी क्रिकेटच्या किंवा विनोदांच्या नावाने चालणारं पान नाव बदलून ‘कोकण विकास’ झालेलं दिसलं, की समजून जा.

तिथूनच मेटाच्या, म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीच्या, ‘अ‍ॅड लायब्ररी’त जाता येतं. देश भारत निवडा, प्रकार ‘सामाजिक प्रश्न, निवडणुका किंवा राजकारण’ निवडा आणि प्रकल्पाचं किंवा तालुक्याचं नाव टाका. कुणी पैसे भरले, साधारण किती आणि जाहिरात कुठल्या राज्यात, कुठल्या वयोगटाला दाखवली, हे सगळं येतं. या प्रकारच्या जाहिराती तिथे सात वर्षं राहतात, त्यामुळे मागचंही बघता येतं. यूट्यूब आणि गुगलसाठी ‘अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर’ आहे. ग्रामसभेला जाण्याआधी हे दोन स्क्रीनशॉट खिशात असलेले बरे.

इन्स्टाग्रामवर मालवण-तारकर्लीचे व्हिडिओ टाकणाऱ्यांनाही नियम आहेत. २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचे आणि २०२३ पासून ग्राहक व्यवहार खात्याचे. पैसे, फुकट मुक्काम किंवा भेटवस्तू घेतली असेल तर तसं स्पष्ट सांगायला हवं. रिसॉर्टची एवढी तारीफ का चाललीय, याचं उत्तर बहुधा तिथेच असतं.

बातमी उघडली की फोन काय सांगतो

बातम्यांच्या फुकट संकेतस्थळावर तुम्ही एक बातमी उघडता. पान चढेपर्यंतच्या त्या क्षणात जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. लिलावात उतरणाऱ्या कंपन्यांकडे फोनचा प्रकार, अंदाजे ठिकाण, कुठलं पान उघडलंय आणि फोनचा जाहिरात आयडी (जाहिरातदार ज्यावरून फोन ओळखतात तो क्रमांक) अशी माहिती जाऊ शकते. बोली एकच जिंकतो, पण माहिती सगळ्या बोली लावणाऱ्यांकडे पोचलेली असते. त्यातून हळूहळू तुमचं चित्र तयार होतं: रत्नागिरीत राहतो, आंबा कीटकनाशक शोधतो, महिन्यातून दोनदा पनवेलला जातो, गृहकर्जाची पानं बघतो. तुमचं नाव कुणाला कळलं नाही तरी चालतं, आयडी पुरतो.

अँड्रॉइड फोनवर पुढचं क्रमाने करा. कंपनीनुसार नावं थोडी वेगळी असतील. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोध-पट्टीत शब्द टाका.

१. सेटिंग्ज, मग गुगल, मग जाहिराती. तिथे ‘जाहिरात आयडी हटवा’ आहे. हटवा. काहीही बिघडत नाही.

२. सेटिंग्जमधल्या गोपनीयतेत ‘परवानगी व्यवस्थापक’ उघडा आणि आधी ‘स्थान’ बघा. ‘नेहमी परवानगी’च्या यादीत जे असेल ते ‘फक्त अ‍ॅप वापरताना’वर आणा. नकाशाला अचूक ठिकाण लागतं, हवामानाच्या अ‍ॅपला लागत नाही. त्याचं ‘अचूक स्थान’ बंद करा, तालुका कळला की त्याचं भागतं. बातम्यांच्या अ‍ॅपला तर स्थान कशाला हवं? मच्छीमार बांधवांनी समुद्रात जाताना लागणाऱ्या अ‍ॅपचं स्थान मात्र चालू ठेवावं, तिथे जिवाचा प्रश्न आहे.

३. तिथेच ‘संपर्क’, ‘मायक्रोफोन’ आणि ‘एसएमएस’ बघा. टॉर्च, कॅलेंडर, पंचांग, गेम यांना संपर्कांची गरज नाही. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने संपर्क, कॉलची यादी किंवा फोटो मागितले तर ते अ‍ॅप लगेच काढून टाका. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार ते मागताच येत नाही.

४. गुगल खात्यात ‘डेटा आणि गोपनीयता’मध्ये वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी व टाइमलाइन उघडा. पूर्ण बंद करायचं नसेल तर ‘आपोआप हटवा’ तीन महिन्यांवर ठेवा.

५. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमध्ये ‘मेटाबाहेरील तुमची अ‍ॅक्टिव्हिटी’ उघडा. दुसऱ्या कुठल्या अ‍ॅप आणि संकेतस्थळांनी तुमच्याबद्दल फेसबुकला कळवलं, त्याची यादी येते. बघून बरेच जण गप्प होतात. यादी पुसा आणि पुढची जोडणी बंद करा.

६. बातम्या अ‍ॅपऐवजी ब्राउझरमध्ये वाचा. फायरफॉक्समध्ये मागोवा संरक्षण ‘कडक’ ठेवा. नोटिफिकेशनला कुठेही होकार देऊ नका.

सातवी गोष्ट सेटिंग्जमध्ये नाही. जो पेपर वारंवार उपयोगी पडतो, त्याची वर्गणी भरा. वाचक पैसे देतो तेवढा जाहिरातदाराचा वट कमी होतो, याहून सरळ उपाय मला तरी दिसत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं सांगायला हवं. संदेशातला मजकूर कूटबद्ध असतो, तो वाटेत कुणी वाचत नाही. पण तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोलता आणि कुठल्या गटात आहात, ही माहिती त्या कुलपात येत नाही. २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड लावला तो याच माहितीच्या वाटपामुळे. तुमच्या हातात एवढं आहे: गोपनीयतेत ‘गट’ हा पर्याय ‘माझे संपर्क’वर आणा, म्हणजे कुणीही उचलून अनोळखी गटात टाकणार नाही. प्रोफाइल फोटोही तसाच ठेवा.

गावाने स्वतःच वाटलेल्या याद्या

एजंटकडे चुलतभावाचा नंबर आला कुठून? सातबाऱ्यावर नाव आणि हिस्सा असतो, तो महाभूलेखवर कुणालाही बघता येतो. जमिनीची नोंद सार्वजनिक असणं योग्यच आहे. पण त्यात फोन नंबर नसतो. नंबर बऱ्याचदा आपणच पुरवतो. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वर्गणीची यादी पीडीएफ करून गटात टाकली जाते: नाव, वाडी, मुंबईतला पत्ता, मोबाइल, रक्कम. ग्रामस्थ मंडळाच्या स्मरणिकेत सगळे चाकरमानी पत्त्यासकट. सातबारा आणि स्मरणिका शेजारी ठेवली की एजंटचं काम झालं.

उपाय मंडळाच्या पुढच्या सभेत मांडा. यादीत नाव आणि रक्कम राहू दे, हिशेब उघड हवाच. नंबर आणि पत्ता चिटणीसाच्या वहीत राहू दे. गणपती, पालखी, पाणीपुरवठा अशा सूचनांसाठी शेकडो माणसांच्या गटाऐवजी व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल काढा, त्यात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. दुकानात बिल करताना नंबर मागितला तर ‘नको’ म्हणा. नंबरसाठी ग्राहकाची अडवणूक करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय.

होमस्टेवाल्यांसाठी आणि आधारसाठी

पाहुण्यांच्या आधारचे फोटो आपल्या फोनच्या गॅलरीत, तिथून आपोआप गुगल फोटोजमध्ये आणि कधी मुलाच्या टॅबवरही. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरोघरी हेच चाललंय. पाहुण्याकडून ‘मास्क्ड आधार’ मागा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. पोलिसांना लागणारी नोंद वहीत करा आणि फोनमधला फोटो पुसा. पाहुणा म्हणून तुम्ही दुसरीकडे जाल तेव्हाही हेच द्या, नाहीतर वाहन परवाना दाखवा.

स्वतःच्या आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद करणं मात्र आजच करा. आधारच्या अ‍ॅपमधून किंवा माय आधार पोर्टलवरून होतं. बोटांच्या ठशांची नक्कल करून आधारवरून बँकेतले पैसे काढल्याची प्रकरणं देशभर झाली आहेत. रेशनसाठी किंवा सिमसाठी ठसा द्यायचा असेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. तिथेच गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे तपासलं गेलं, तेही दिसतं. ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते तपासा, अनोळखी नंबर तिथूनच बंद करायला सांगता येतो.

तक्रार कुठे, कशी

जाहिरातीच्या कॉलसाठी १९०९ वर ‘स्टार्ट’ आणि शून्य असा एसएमएस इंग्रजीत पाठवा, सगळ्या प्रकारचे प्रचार-कॉल बंद करण्याची नोंद होते. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

वृत्तपत्राविरुद्ध आधी संपादकाला पत्र, पोच घेऊन. दाद लागली नाही तर प्रेस कौन्सिलकडे. दैनिक किंवा साप्ताहिकातला मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार जायला हवी. कात्रण, त्याचा हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद, संपादकाला लिहिलेल्या पत्राची प्रत आणि हे प्रकरण न्यायालयात नाही असं घोषणापत्र जोडा. कौन्सिल समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते, दंड करू शकत नाही. दात नसले तरी नोंद राहते.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. त्यानंतरचा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे. कंपन्यांवरची बहुतेक बंधनं नियमांनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तेव्हा संमतीची सूचना मराठीत मागता येईल, माहिती दुरुस्त किंवा नष्ट करायला सांगता येईल. मोठा दंड २५० कोटींपर्यंत आहे. याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम मात्र आणखी आवळलं, म्हणजे ‘वैयक्तिक’ म्हणून माहिती नाकारणं सोपं झालं. पत्रकारांची त्यावरची नाराजी मला रास्त वाटते.

तरी जाहिरातीवरचा सरकारी खर्च ही कुणाची वैयक्तिक माहिती नाही. तो विचारा. जन माहिती अधिकारी, जिल्हा माहिती कार्यालय यांच्या नावे साध्या कागदावर: ‘दिनांक अमुक ते अमुक या काळात अमुक प्रकल्पासंबंधी आपल्या कार्यालयामार्फत वृत्तपत्रे, वाहिन्या व समाजमाध्यमांना दिलेल्या जाहिरातींची माध्यमनिहाय रक्कम आणि देयकांच्या प्रती मिळाव्यात.’ महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यात हे आरामात बसतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपये भरून पहिलं अपील करा.